हरणाऱ्यांना चारची वेळ

नऊ वर्षं आमच्या घरी केबल नव्हती. कारण अगदी साधं होतं. आम्ही भारतात परत जाणार होतो. पुढच्या वर्षी, फार तर त्याच्या पुढच्या. परत जाणाऱ्या माणसानं केबल घ्यायची नसते, चांगला सोफा घ्यायचा नसतो आणि भिंतीत खिळा ठोकायचा नसतो. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत हाच धर्म पाळला जाई. लोकांनी घरं घेतली, गवत कापायची यंत्रं घेतली, मुलींना पियानोच्या क्लासला घातलं, पण केबलचा माणूस काही कुणी घरात येऊ दिला नाही. केबल म्हणजे कायमचं राहणं.

त्यामुळे टीव्हीच्या डोक्यावर दोन काड्यांचा अँटेना आणि त्यातून साडेचार चॅनेल. अर्धं चॅनेल नदीपलीकडच्या कॅनडाचं होतं. वारा बरोबर असला तर दिसायचं.

आणि नेमक्या त्याच वर्षांत आमच्या शहराचा बास्केटबॉलचा संघ जिंकू लागला. आमच्या म्हणजे डेट्रॉइटच्या. नोकरी गाड्यांच्या धंद्यात, म्हणून शहर आमचं, म्हणून संघही आमचा, इतका सरळ हिशेब. या संघात एकही देखणा तारा नव्हता. पाच जण कारखान्याची पाळी करावी तसे येत, समोरच्याला घाम फोडत आणि घरी जात. मला ते बेहद्द आवडायचे. फक्त दिसायचे नाहीत. ते केबलवर असत.

आम्हाला फुकटात दिसे तो रविवार दुपारचा एक सामना, जो अख्ख्या देशाला दाखवत. आणि अख्ख्या देशाला काय दाखवत? पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या महानगराचा संघ. हा संघ हरत होता. नुसता हरत नव्हता, साग्रसंगीत हरत होता. त्यांच्या खेळाडूंना पगार राजाचे आणि धावणं लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखं. चषक जिंकून त्यांना तीस वर्षं झाली होती. तरी रविवारी टीव्ही लावला की हजर! कॅमेरा आधी उंच इमारती दाखवणार, मग पहिल्या रांगेतले सिनेमावाले, मग तो जुना चषक, आणि मग नाइलाजानं खेळ.

हे सगळं मी माझ्या मित्राच्या तळघरात बसून पाहत असे. मित्र नागपूरचा, एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर. त्याच्याकडेही केबल नव्हती, पण टीव्ही भला थोरला होता. खरोखर परत गेलेल्या एका माणसाकडून त्याला तो मिळाला होता. त्या टीव्हीकडे आम्ही थोडं भिऊनच बघत असू. तो मला पुणेकर म्हणे आणि त्यात कौतुक कधीच नसे.

"काऊन दाखवून राहिले बे हे यांना?" दर रविवारी तो त्याच तळमळीनं विचारी. "पुणेकर, तूच सांग. वर्गात नापास झालेल्या पोराचा फोटो कोणी पेपरात छापते का?"

"बाप मोठा असला तर छापतात."

"हे अन्याय आहे, भाऊ."

"आहे."

मग आम्ही पोहे खात तो अन्याय शेवटच्या सेकंदापर्यंत बघत असू.

त्या हिवाळ्यात, म्हणजे दोन हजार तीन-चारच्या, या तळघरात आणखी एक व्यक्ती येऊ लागली. आमच्या टीममधल्या एका मुलाची आई. साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, सहा महिन्यांसाठी आलेल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. अमेरिकेत हिवाळ्यात सापडलेल्या आईवडिलांचं जे होतं तेच त्यांचं झालं होतं. गाडी चालवता येत नाही, बाहेर चालायला रस्त्याच्या कडेला बर्फ, सून-मुलगा सकाळी सातला बाहेर. मावशी दिवसभर खिडकीत. समोरच्या घराचं टपाल किती वाजता येतं हे त्या घरातल्या लोकांपेक्षा त्यांना जास्त नीट माहीत होतं.

मी दर वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी एक एकांकिका लिहीत असे. त्या वर्षीची होती स्वयंपाकघरातली. भारतातून आलेली एक आई जिरं-मोहरीची फोडणी देते, छताला लावलेला धुराचा अलार्म ओरडायला लागतो, आणि दारात अग्निशमन दल उभं! आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी हे एकदा तरी झालं होतं. आईच्या भूमिकेसाठी मावशींना विचारलं ते केवळ त्यांच्याकडे दिवसभर पाठांतराला वेळ होता म्हणून. पहिल्या तालमीला त्यांनी मोज्यात खोचलेली साडी सोडवली, हातात फोडणीची पळी घेतली, आणि पहिलं वाक्य म्हणताच मित्र सोफ्यावर सरळ होऊन बसला.

"अबे," तो माझ्या कानात म्हणाला, "ही बाई ॲक्टर आहे बे."

होतीच. शेवटी आई त्या अग्निशमन दलाच्या प्रमुखाला मराठीतून चार वाक्यं सुनावते असं मी लिहिलं होतं. त्याला अर्थातच एक अक्षर कळत नाही. मावशींनी त्या चार वाक्यांची चार मिनिटं केली. दर तालमीला त्यात थोडी भर. खिडकी आली, टपाल आलं, फोनवर दर रविवारी "मजेत आहे" म्हणणं आलं, आणि आग कुठं लागलीय हे तुम्ही विचारता, पण कुठं विझत चाललंय ते कोण विचारणार, असं काहीसं आलं. मी लिहिलेलं एकही वाक्य त्यात उरलं नाही आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. हे मी कोणत्याही लेखकाबद्दल सहज म्हणणार नाही, स्वतःबद्दल तर नाहीच.

दलाचा प्रमुख होता मित्र. पिवळा रेनकोट, लाल हेल्मेट. अलार्म होती माझी बारा वर्षांची मुलगी. विंगेत उभी राहून ती असा काही कर्कश सूर लावायची की तळघरातला खरा अलार्मही एकदा तिला साथ द्यायला लागला होता.

तालमी रविवारीच असत, सामन्यानंतर. मावशी लवकर येऊन आमच्यासोबत सामना बघत. दुसऱ्याच रविवारी त्यांनी शिक्षिकेच्या शांतपणे विचारलं, "हे मागच्या वेळी पण हरले होते ना?"

"हो, मावशी."

"मग दुसरे कुणी नाहीत का खेळायला?"

मित्रानं उठून त्यांना अक्षरशः हात जोडले. "मावशी, हेच! हेच मी तीन वर्षांपासून बोलून राहिलो!"

"मोठं घर, पोकळ वासा," मावशी म्हणाल्या आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

मग डिसेंबरात तो रविवार आला. त्या दिवशी लागोपाठ दोन सामने दाखवणार होते. पहिला महानगराचा, दुसरा चक्क आमचा. आम्ही अकरापासून तयारीत. बायकोनं साबुदाणा वडे पाठवले होते. पहिल्या सामन्यात महानगर हरत होतं, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि शेवटच्या क्षणी त्यांच्या कुणीतरी डोळे मिटून चेंडू फेकला आणि बरोबरी झाली. जादा वेळ. त्यातही बरोबरी. पुन्हा जादा वेळ. घड्याळात आमच्या सामन्याची वेळ झाली. आमचे लोक तिकडे कुठंतरी खेळायला लागले होते आणि आम्हाला दिसत होते महानगराचे घामेजलेले श्रीमंत. पडद्याच्या तळाशी ओळ सरकली: पुढचा सामना यानंतर जोडून दाखवला जाईल. महानगर शेवटी हरलंच. त्यानंतर जाहिराती, त्यानंतर ते का हरले याची चर्चा. आमचा सामना लागला तेव्हा पहिला डाव संपून दुसरा सुरू होता.

मित्रानं उशी टीव्हीवर फेकली. मग तो उभा राहिला आणि एक हात छातीवर ठेवून, वडा तसाच दुसऱ्या हातात, त्यानं शपथ घेतली. मी स्वतः नाटकी माणूस आहे, पण हे माझ्याही वरचं होतं.

"पुणेकर, ऐक. मावशी, तुम्ही साक्षी. आपल्या हातात काही आलं ना, तर आपण असं नाही करणार. जो चांगला, त्याला वेळ. नावाला नाही, कामाला."

आणि त्याच्या हातात होतं की! त्या वर्षी तो मंडळाचा कार्यक्रम सचिव होता. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "चारची वेळ तुमची. लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं नाही. मित्राचं बोलणं कुणी लिहून ठेवतं का?

चारची वेळ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या मंडळाला एका शाळेचं सभागृह सात वाजेपर्यंत मिळे. बाराला जेवण. दोनपर्यंत लोक मसालेभाताखाली दबलेले. तीनपर्यंत मुलांचे नाच, तेव्हा प्रत्येक आईबाप फक्त आपलं मूल बघतात आणि बाहेर जातात. चारला चहा सभागृहाच्या दाराशी येतो, तिळगूळ वाटून झालेले असतात, सगळे कप घेऊन आत बसतात, जागे असतात आणि कुणाचं मूल स्टेजवर नसतं. साडेपाचला लहान मुलंवाले उठतात, सहाला लांबून आलेले, बर्फ असेल तर सगळेच. वर्षभरात आमच्या मंडळाला मिळून एक चारची वेळ असे.

कार्यक्रमाला तीन आठवडे असताना छापील पत्रिका आली. चार वाजता: महानगराच्या मंडळाची नाट्यशाखा. साडेपाच वाजता: आम्ही.

हो, तेच महानगर. त्या शहराला खेळात आणि नाटकात एकच रोग झाला होता. त्यांच्या नाट्यशाखेचं नाव कधीकाळी खरोखरच मोठं होतं. मी आलो त्या वर्षी त्यांचं एक नाटक पाहिलं होतं, अजून आठवतं. पण ती माणसं विखुरली आणि नाव मागे राहिलं. गेली तीन वर्षं ते आमच्याकडे येत आणि आपटत. तरी त्यांना विमानाची तिकिटं, तरी त्यांना हॉटेल, तरी त्यांना चारची वेळ.

मी फोन केला. "हे काय?"

"कळस शेवटी असते ना बे," मित्र म्हणाला. "पाहुण्यांना आधी उरकून टाकू. मग तुझं. लोक घरी जाताना तुझंच घेऊन जातील डोक्यात."

"ते तीन वर्षं पडताहेत."

"पडतात. पण लोक येतात त्यांच्या नावावर. लोक आले तर तुझंही पाहतील."

"हे तर टीव्हीवाले म्हणत असतील तेच झालं."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"वेगळं आहे बे, पुणेकर. प्रत्येक गोष्टीत काय वाद घालून राहिला?"

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, आपण कळसाला आहोत. तिनं पत्रिका वाचली. "कळस कसला? पायपुसणं." मी तिच्यावर रागावलो. मित्रावर नाही रागावलो, हे मुद्दाम सांगतो. माझा त्याच्यावर विश्वास होता.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटेपासून बर्फ. इथले लोक गाड्या उकरून आले आणि चार वाजता सभागृह गच्च भरलं. सगळं होतं, चहा होता, तिळगूळ होते, फक्त महानगर नव्हतं. त्यांचं विमान उशिरा उतरलं होतं आणि ते रस्त्यात कुठंतरी अडकले होते.

मी धावत विंगेत गेलो. मावशी तयार होत्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात पळी. गुरुवारी त्यांचं परतीचं विमान होतं. हे नाटक पुन्हा कधी होणार नव्हतं, झालं तर त्यांच्याशिवाय, म्हणजे झालं नाही असंच. मुलगी अलार्मचा घसा साफ करत होती. चूल मांडलेली होती. आमच्याकडे चाळीस मिनिटांचं नाटक होतं आणि समोर जागे असलेले लोक होते.

मित्र रेनकोट आणि हेल्मेट घालून माईकपाशी उभा होता.

"चढवतो आम्ही," मी म्हणालो. "ते येईपर्यंत आमचं होऊन जाईल."

"थांब ना जरा."

"कशासाठी थांबायचं? तूच आहेस त्यात! चल!"

"येऊन राहिले ते. पाच मिनिटं."

पाच मिनिटांत त्यानं सोडत काढली. मग घरकर्ज देणाऱ्या प्रायोजकांना बोलायला बोलावलं. घरकर्जावर एकवीस मिनिटं, आणि ती ज्यांना परत जायचंय अशा लोकांपुढे! मग सकाळी होऊन गेलेली छोट्यांची वेशभूषा त्यानं पुन्हा आणली. एक तीन वर्षांची झाशीची राणी झोपेतून उठवलेली, ती तलवार टाकून रडायला लागली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मावशी विंगेत खुर्चीवर बसल्या, उठल्या, परत बसल्या.

"अहो लेखक," त्यांनी मला विचारलं, "आपण आजच आहोत ना?"

पाचला महानगर आलं. बर्फाचे बूट आपटत, सोफ्याचे भाग उचलत. त्यांचे दिग्दर्शक फार अदबशीर गृहस्थ. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

"तुमचे सेक्रेटरी फार सज्जन हो. आम्ही फोनवरच अट घातली होती, आमच्याआधी दुसरं नाटक नको. प्रेक्षक ताजे लागतात आम्हाला. ते लगेच हो म्हणाले. आज इतका उशीर झाला तरी शब्द पाळला त्यांनी."

"कधी झालं हे बोलणं?"

"नोव्हेंबरात की हो. दिवाळीनंतर लगेच."

मी डोक्यात तारखा लावल्या. दिवाळीनंतर लगेच, म्हणजे शपथेच्या आधी. हातात वडा धरून त्यानं मला चारची वेळ दिली, तेव्हा ती त्याच्याकडे नव्हतीच. आणि पुढचे सगळे रविवार तो हेल्मेट घालून माझ्यासमोर उभा राहिला, मावशींची चार मिनिटं ऐकत, डोळे पुसत. खरंच पुसत होता. मी पाहिलं आहे.

तो पडद्याच्या दोरीपाशी होता. मी गेलो.

"नोव्हेंबरात?" एवढंच म्हणालो.

त्यानं हेल्मेट जरा खाली ओढलं. "ते आले नसते बे मग."

"तर काय झालं असतं?"

"नागपूरहून भाऊ फोन करते ना, तर विचारते, कोण आलं होतं यंदा? मी सचिव आहे. काय सांगू? पुणेकरानं लिहिलं आणि आम्हीच केलं?"

तेव्हा मी म्हणालो, "हो. तेच सांगायचं होतं." पण ते उत्तर नव्हतं, ते नुसतं मोठ्यानं बोललेलं वाक्य होतं.

पडदा उघडला. आणि आता मी तुम्हाला कबूल करतो, पुढचे सव्वा-दीड तास, नव्हे, तास आणि पंचवीस मिनिटं, मी जन्मात इतकं सुख भोगलं नव्हतं. महानगर पडलं. काय पडलं! नायकानं रिसीव्हर उचलून बोलायला सुरुवात केली आणि मग फोन वाजला. नायिका उजवीकडून यायची ती डावीकडून आली, तिथं दार नव्हतं, तर तिनं खिडकीतून पाय टाकला. एक पात्र दुसऱ्या अंकात मरायचं होतं ते विसरलं, आणि तिसऱ्यात बाकीचे त्याच्या फोटोला हार घालत असताना तो शेजारी चहा पीत बसलेला. लोक हळूहळू कोट चढवू लागले. मी विंगेत तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. प्रत्येक विसरलेलं वाक्य माझ्या जखमेवर लोणी लावत होतं. बघ, मी मनात मित्राला म्हणत होतो, बघ तुझं महानगर!

सव्वासहाच्या सुमारास शाळेचा कस्टोडियन, म्हणजे झाडलोट आणि कुलपं बघणारा माणूस, माझ्यापाशी आला. उंच, म्हातारा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यानं घड्याळ दाखवलं आणि स्टेजकडे हनुवटी केली. त्यांना थांबवू का? मी हातानं त्याला थांबवलं. थोडं चालू दे. नायक तेव्हा तिसऱ्यांदा तेच पत्र वाचत होता आणि ते मला सोडवत नव्हतं.

पावणेसातला त्यांचा पडदा पडला. चाळीस मिनिटांतली फक्त फोडणी, अलार्म आणि शेवटचं भाषण ठेवून सहा पन्नासला आमचा उघडला. सभागृहात तिसरा हिस्सा लोक राहिले होते, तेही अंगात कोट घालून. मावशी आल्या. पळी कढईवर एकदा आपटली, आणि कोटातले लोक खुर्चीत सावरून बसले. पाच मिनिटांत ते हसायला लागले, सात मिनिटांत माझ्या मुलीनं अलार्म लावला आणि मागच्या रांगेतलं एक बाळ घाबरून रडलं, आठव्या मिनिटाला अग्निशमन दल आत शिरलं. मित्र चुलीसमोर उभा राहिला आणि त्यानं इंग्रजीत विचारलं, आग कुठे आहे?

मावशींनी पळी खाली ठेवली. पदर नीट केला. श्वास घेतला. आणि सभागृहातले सगळे दिवे भक्ककन लागले.

सात वाजले होते. कस्टोडियन मागच्या दारात उभा होता. त्याची काही चूक नव्हती, पार्किंगमधला बर्फ त्यालाच काढायचा होता. लोक सवयीनं उठले. दिवे लागले की उठायचं. मित्र हेल्मेट घालून मावशींच्या समोर तसाच उभा, तोंड अर्धवट उघडं. मावशींनी एकदा सभागृहाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला आणि विंगेत आल्या. पळी विसरल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी मी त्यांच्या मुलाच्या घरी निरोप द्यायला गेलो. बॅगा वजनाच्या काट्यावर चढत-उतरत होत्या. मी मित्राचं सगळं सांगितलं. नोव्हेंबर, अट, शपथ. जरा रंगवूनच सांगितलं, कारण मला राग आला की मी रंगवतो. शेवटी म्हणालो, "मावशी, त्यानं आपला घात केला."

"केला," मावशी म्हणाल्या. त्या चकलीचा साचा टॉवेलात गुंडाळत होत्या. "त्या किल्ल्यावाल्यानं तुम्हाला घड्याळ दाखवलं होतं."

मी काट्यावरचे आकडे वाचू लागलो.

"मी मागेच उभी होते. तुम्ही त्याला थांबवलंत. मला वाटलं, आपल्याला आणखी वेळ मागून घेताय." त्यांनी साचा बॅगेच्या कोपऱ्यात बसवला. "किती हसत होतात तुम्ही."

"मावशी, ते भाषण मला एकदा म्हणून दाखवाल? लिहून तरी घेतो."

"नाही," त्या म्हणाल्या. रागानं नाही, वर्गात उत्तर चुकलं की शिक्षिका म्हणतात तसं. "ते म्हणायला समोर लोक लागतात. चहा घ्या."

मी चहा घेतला. तो फार चांगला होता.

मित्राकडे मी जाणं सोडलं. ऑफिसात त्याच मजल्यावर आम्ही एकमेकांना नुसतं "हं" म्हणत असू. रविवारी घरीच, दोन काड्या आणि साडेचार चॅनेल. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी टीव्ही लावला तर पुन्हा महानगर, आणि पुन्हा पहिल्या डावापासून हरताना. मी मोठमोठ्यानं बोलायला लागलो. लाज नाही का यांना, अख्ख्या देशात दुसरे संघ नाहीत का, आमचे लोक आत्ता कुठंतरी जिंकत असतील.

मुलगी जिन्यावर पुस्तक घेऊन बसली होती. "बाबा, दे शो देम बिकॉज यू वॉच."

"मी बघत नाहीये. मी शिव्या देतोय."

"यू आर वॉचिंग," ती म्हणाली आणि पान उलटलं.

फोन वाजला. मी उचलला. पलीकडून आधी फक्त टीव्हीचा आवाज आला, माझ्या खोलीत होता तोच.

"पुणेकर," मित्र म्हणाला. "लावलं का?"

मला ठेवून द्यायचा होता. नोव्हेंबर म्हणायचं होतं. "लावलं," मी म्हणालो.

"कितीनं मागे आहेत?"

"बावीस."

"घाण खेळून राहिले बे."

"घाण."

त्यांच्या एका राजानं मोकळ्या टोपलीवर चेंडू नेला आणि तो बाहेर टाकला. दोन्हीकडून एकदमच हसू फुटलं आणि एकदमच थांबलं.

"बंद कर ना मग," तो म्हणाला.

"तू कर आधी."

त्यानं केला नाही. मीही केला नाही. पडद्याच्या तळाशी ओळ सरकत होती, पुढचा सामना कुणाचा ते सांगणारी. ती आम्ही वाचली नाही.